ओढ्याच्या क्रमानं

"नाही," म्हातारी म्हणाली. अध्यक्षांचा प्रश्न अजून पुरा व्हायचा होता.

प्रश्न खिडकी उघडू का, एवढाच होता. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि खिडकी उघडली. तीन गावांच्या ओढा समितीत ही बाई खालच्या गावाची प्रतिनिधी म्हणून आली, तेव्हापासून तिच्या तोंडून दुसरा शब्द कोणी ऐकला नव्हता. वरच्या दोन्ही गावांत तिला नाहीबाई म्हणत. तोंडावर म्हटलं तरी चालायचं, कारण तिला ऐकू येत नसे. उभी हयात खडी फोडायच्या मशीनपाशी गेलेली. दोन्ही कानांत कायम कापसाचे बोळे.

भांडण जुनं होतं. डोंगरातली खाण कंपनीनं कधीच सोडून दिली, पण तिच्यातून गंजाच्या रंगाचं पाणी वाहतच राहिलं. ओढ्यात मासा नाही, काठाला गवत नाही, पांढरा सदरा धुऊन वाळत घातला की तांबूस. अध्यक्ष वरच्या गावचे. त्यांचा उपाय सोपा होता: खाणीच्या तोंडाशी भिंत घालायची, फीत कापायची, मोकळं व्हायचं. दुसरा उपाय चुनखडीच्या तळ्यांचा. एकातून दुसऱ्यात जाता जाता पाणी निवळून खाली यायचं. पण तळ्यांना सपाट जागा हवी, आणि ती होती नेमकी अध्यक्षांच्या नव्या लॉजसमोर. खोलीची खिडकी उघडून गंजकं पाणी बघायला कोण येणार?

भिंतीचं नाव काढलं की म्हातारी पेटायची. पहिली भिंत तिनं पाहिली होती. अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटात साठत गेलं आणि एका सकाळी खालच्या गावामागच्या जुन्या बोगद्यातून फुटलं. तिनं लेकरासारखा वाढवलेला धाकटा दीर त्यात गेला. नवी भिंत चांगली जाडजूड असेल, असं अध्यक्ष कितीदा तरी समजावून थकले. पाणी पुन्हा आपल्याच दारात येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. खुर्चीचे दांडे घट्ट धरून ती म्हणायची, नाही.

आज मात्र प्रादेशिक मंडळानं कंटाळून आपल्या इंजिनिअर बाईंना शेवटचा निरोप देऊन पाठवलं होतं. तिन्ही गावांनी तळ्यांना होकार दिला तर तळी. एका जरी गावाचा नकार आला तर उद्यापासून भिंतीचं काम सुरू. मत नेहमीप्रमाणे ओढ्याच्या क्रमानं, म्हणजे आधी वरचं गाव, मग मधलं, शेवटी खालचं. आणि एकदा दिलेलं उत्तर मागे घ्यायचं नाही. हे दोन्ही नियम अध्यक्षांनीच केलेले. पहिला मान त्यांना हवा होता, आणि मधल्या गावचे प्रतिनिधी असलेल्या डेअरीवाल्यांना मत फिरवायची खोड होती.

नकार अध्यक्षांनाही देता आला असता. पण बाहेर अंगणात तिन्ही गावांची माणसं कान टवकारून बसली होती. तळी नकोत म्हणणाऱ्याला त्यांनी पुन्हा निवडून दिलं नसतं.

चहाच्या वेळी अध्यक्षांनी डेअरीवाल्यांना बाजूला, म्हणजे म्हातारीच्या पाठीमागे घेतलं.

"प्रश्न मी विचारणार," ते म्हणाले. "खाणीचं तोंड भिंतीनं बंद, एवढं तिच्या कानाशी ओरडून सांगायचं. पुढचं 'न करता तळी बांधावीत' हळूच गिळायचं. भिंत ऐकली की ती नाही म्हणून मोकळी."

"आणि आपण?"

"आपण हो म्हणायचं. खिडकीबाहेर ऐकू जाईल असं. घात कोणी केला ते मग गावं बघून घेतील."

डेअरीवाले घुटमळले. "तिनं होकार दिला तर?"

"ती? तिला जेवलीस का विचारलं तरी नाहीच म्हणेल."

डेअरीवाल्यांना हसू आलं. चहा अगोड आहे, असं ते कपातच पुटपुटले. कोणीतरी साखरेचा डबा त्यांच्याकडे सरकवला. दोन चमचे घालून ते जागेवर जाऊन बसले.

इंजिनिअर बाईंनी पेन काढलं. अध्यक्षांनी उभं राहून प्रश्न वाचला, सगळा, खणखणीत आवाजात. खाणीचं तोंड भिंतीनं बंद न करता तळी बांधावीत, यास संमती आहे का? मग छातीवर हात ठेवून ते स्वतःच "हो" म्हणाले. अंगणात टाळ्या पडल्या. डेअरीवाले "हो" म्हणाले. पुन्हा टाळ्या. इंजिनिअर बाईंनी दोन्ही उत्तरं टिपून घेतली.

अध्यक्ष म्हातारीकडे वाकले.

"खाणीचं तोंड भिंतीनं बंद," ते तिच्या कानाशी ओरडले. मग त्यांना खोकला आला. उरलेलं वाक्य रुमालात गेलं.

"बाईंना प्रश्न पुरा कळला का?" इंजिनिअर बाईंनी विचारलं. "मी परत सांगू?"

"आमच्या बाई आहेत. त्यांना कसं सांगायचं ते आम्हाला कळतं," अध्यक्ष म्हणाले. "बोला बाई. संमती आहे?"

अंगणातली खालच्या गावाची माणसं तेवढी खिडकीशी सरकली. म्हातारीचे ओठ नेहमीसारखे घट्ट मिटलेले होते. तिच्या दिराची गोष्ट इंजिनिअर बाईंच्या कानावर आली होती. त्यांना तिच्याकडे बघवेना. अध्यक्ष बसले आणि त्यांनी चेहरा हवा तेवढा दुःखी करून ठेवला.

म्हातारीनं आधी डाव्या कानातला कापूस काढला, मग उजव्या. दोन्ही बोळे तिनं साखरेच्या डब्याशेजारी नीट ठेवले, आणि खिडकीबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो."