डेल्बर्टची बादली

गुडघे टेकून डेल्बर्ट विमानाची जमीन खरवडत होता आणि तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू होता. बाकांखाली, पत्र्याच्या खाचांत, दारापाशी, सगळीकडे ओकारी. वासाने डोकं भणभणत होतं.

इंग्लंडमधल्या ह्या तळावर धुक्यामुळे पोलिश छत्रीधारी सैनिकांची ही तुकडी दोन दिवस विमानाखाली गवतात लोळून परत गेली होती. आज एकदाची उडाली, तर समुद्रावरच्या ढगांनी विमान असं घुसळलं की कुणाच्या पोटात काही टिकलं नाही. त्यात बिनतारी संदेश आला: हवा वाईट, परत फिरा. उडी नाही, लढाई नाही, मागे उरली ती ही घाण. आणि ती काढायची कुणी? विमानाच्या मिस्त्रीने, डेल्बर्टने. वैमानिक विमान नुसतं उडवत. इंजिनापासून दाराच्या कडीपर्यंत निगा त्याची.

"काय रे, सासूबाई यायच्यात का? किती घासशील!" वैमानिक रॉस जाता जाता म्हणाला.

"सासू परवडली, साहेब. ती खाल्लेलं पोटात तरी ठेवते."

बाहेर पोलिश जवान पावसात तसेच उभे होते. तिकडे हॉलंडमध्ये, ऱ्हाइनच्या काठी, इंग्रजांची पलटण जर्मनांच्या वेढ्यात सापडली होती आणि तिच्या मदतीला ह्यांना उतरायचं होतं. काही विमानांना परतीचा संदेश पोचलाच नाही, ती पुढे गेली. त्यातल्या एकात ह्या तुकडीच्या सार्जंट झेनोनचा धाकटा भाऊ होता. हे सगळं डेल्बर्टला ठाऊक होतं. पण घाण ती घाणच.

तो खाली उतरला आणि बरबटलेलं फडकं त्याने झेनोनच्या बुटांवर फेकलं.

"विमान आहे हे, उकिरडा नाही! तुमच्या देशात असंच ओकतात का रे, बसल्या जागी?"

झेनोनला इंग्रजी येत नव्हतं. त्याने शेजारच्या टाडेकला विचारलं. टाडेकने मान खाली घालून सांगितलं. तो देश पाच वर्षं जर्मनांच्या टाचेखाली होता. झेनोनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो वाकला, फडकं उचललं, त्याची नीट घडी केली आणि डेल्बर्टच्या हातात दिली.

"म्हणावं, पुन्हा नाही होणार," टाडेकने त्याचे शब्द इंग्रजीत सांगितले.

"बघूच की," डेल्बर्ट म्हणाला. त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.

दोन दिवसांनी आभाळ जरा फाकलं आणि तुकडी पुन्हा विमानात चढली. ह्या खेपेला डेल्बर्टने ब्रश आणि बादली बरोबरच घेतली. परतीच्या वाटेवरच घासून टाकू, म्हणजे पुन्हा गुडघे टेकायला नकोत. रिकामी बादली त्याने आपल्या जागेशेजारच्या खुंटीला अडकवली.

समुद्रावर विमान पुन्हा हिंदकळू लागलं. एकेक मान खाली गेली. ओकाऱ्यांचे आवाज सुरू झाले तसं त्याने तोंड फिरवलं. डुकरं मेली! त्याला बघायचंसुद्धा नव्हतं.

उडीच्या तयारीचा लाल दिवा लागला. जवान उभे राहिले. तेव्हा त्याने पाहिलं. प्रत्येकाने आपलं शिरस्त्राण दोन्ही हातांनी धरलं होतं, उलटं, काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं न्यावं इतक्या जपून. ओतायला कुठे जागा नव्हती. जागा होती ती फक्त डेल्बर्टची जमीन.

झेनोन दारात पहिला होता. त्याने शिरस्त्राण डोक्यावर पालथं केलं आणि पट्टा आवळला. पिवळा ओघळ कपाळावरून भुवईत उतरला, मानेवरून कॉलरमध्ये गेला. त्याने तो पुसला नाही. मागच्या सगळ्यांनी तसंच केलं. खालून तोफा धडधडू लागल्या होत्या.

झेनोनने बोटाने जमीन दाखवली.

"साफ," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

हिरवा दिवा लागला आणि त्याने उडी टाकली. त्याच्या पाठोपाठ टाडेक, मग बाकीचे.

विमान रिकामं झालं. चार-दोन थेंब सोडले तर जमीन लख्ख होती. डेल्बर्ट तिच्याकडे पाहत राहिला. त्यालाही ओकारी आली आणि त्याने घाईघाईने खुंटीवरची बादली तोंडाशी ओढली.

निघाल्यापासून ती तिथेच रिकामी लटकत होती.