भाबड्या मनाची शंका

पडद्यावर शहराचा नकाशा उजळला आणि नगरपालिकेच्या सभागृहातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या नानांची तेवढी वळली नाही. ते बायकोकडे बघत होते. ती माईकसमोर उभी होती. हातात कागदाचा कपटाही नव्हता आणि तरी कुठे अडखळत नव्हती.

तो माईक एकेकाळी नानांचा होता. मग तिसऱ्यांदा उभं राहता येणार नाही असा पक्षाचा नियम निघाला आणि नानांनी बायकोला उभं केलं. नाव तिचं, डोकं आपलं, असा साधा बेत. पहिल्या सभेला त्यांनी भाषण लिहून दिलं. दुसऱ्या सभेला तिने ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि आपल्या मनाचं बोलली. आता दारावर येणारी माणसं "ताई आहेत का?" म्हणून विचारत, आणि ताई बाहेर येईपर्यंत नाना चहा टाकत. परवा एकजण घोट घेऊन म्हणाला, "नाना, चहा मात्र तुमच्याच हातचा!" नाना हसले. ते वाक्य मात्र देवापुढे बसले तरी कानातून जाईना.

आजचा प्रस्ताव अग्निशमन केंद्राच्या सॉफ्टवेअरचा होता. आगीचा फोन आला की पत्ता टाकायचा. जवळचा बंब, मोकळा रस्ता, पाण्याची टाकी, सगळं समोर हजर. मागे एका गोदामाला आग लागली तेव्हा बंब भलत्याच वस्तीत फिरत राहिला आणि आतला पहारेकरी जिवानिशी गेला. पुन्हा असं होऊ देणार नाही, असा तिने त्याच्या बायकोला शब्द दिला होता. तेव्हापासून ती केंद्रात जाऊन बसायची, कंपन्यांच्या माणसांशी हुज्जत घालायची, जेवताना घास हातात धरून तेच बोलायची. नाना मुकाट ऐकायचे. ऐकता ऐकता एक दिवस त्यांना त्यातलं भोक सापडलं.

तिला सांगितलं असतं तर भोक बुजलं असतं. म्हणून आज सकाळी ते छापखान्यात गेले. छापखानेवाला विरोधी बाकावरचा सदस्य. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जरा चाचरत म्हणाला, "नाना, पण घरचंच माणूस आहे तुमचं."

"सभागृहात कुणी घरचं नसतं," नाना म्हणाले. "तू विचार. तोंडघशी पडते की नाही बघ."

आणि आता छापखानेवाला उठला. प्रश्न त्याने नानांच्या तोंडून ऐकला तसाच पाठ केला होता, पहिल्या वाक्यासकट.

"अध्यक्ष महोदय, माझ्या भाबड्या मनाला एक शंका आहे."

सभागृहात खसखस पिकली. ते पालुपद नानांचं, हे दाराशी उभ्या शिपायालाही ठाऊक होतं. तिने मान वर करून सज्जाकडे पाहिलं. नानांनी चष्मा पुसायला घेतला.

"या सभागृहाने गल्ल्यांची नावं बदलली, पाट्या बदलल्या. माणसांची जीभ बदलली का? घाबरलेली म्हातारी फोनवर म्हणाली, पिंजाऱ्यांची गल्ली पेटली, तर तुमचं यंत्र काय म्हणेल? टाका बघू."

कंपनीच्या माणसाने टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: असा पत्ता शहरात नाही.

"अरे, माझी सासुरवाडी गेली की हो!" कुणीतरी ओरडलं आणि हशाचा नुसता गदारोळ झाला. "प्रस्ताव मागे घ्या!" मागच्या बाकांवरून आरोळी आली. या घटकेला जीव थंड होईल, असं नानांना वाटलं होतं. झाला नाही. ती एकटी उभी होती आणि फार लहान दिसत होती.

हशा ओसरेपर्यंत ती थांबली.

"अध्यक्ष महोदय, हा प्रश्न सन्माननीय सदस्यांचा नाही. माझ्या यजमानांचा आहे."

छापखानेवाला मटकन खाली बसला. नाना दाराकडे बघू लागले.

"ते मला म्हणाले होते, चूक सापडली आहे, पण तुला आधी सांगणार नाही. तू घाईने ठिगळ लावशील. भर सभेत दिसू दे, म्हणजे कंपनी ती मुळापासून दुरुस्त करेल. प्रश्नही समोरच्या बाकावरून विचारायला लावला, घरचा म्हणून कुणी दडपू नये यासाठी. अहो, गल्लीबोळ ज्यांच्या पायाखालचे, त्यांनाच हे सुचायचं! जुनी नावं आत गेल्याशिवाय कंपनीला पैसे देऊ नयेत, अशी दुरुस्ती मीच मांडते. आणि ती नावं सांगायला त्यांनाच केंद्रात बोलवावं, ही विनंती."

यातलं एक अक्षरही नाना कधी बोलले नव्हते.

दुरुस्तीसह प्रस्ताव मंजूर झाला. सगळं सभागृह मागे वळून सज्जाकडे बघत टाळ्या वाजवू लागलं. सुटलो म्हणून की काय, छापखानेवाल्याची टाळी सगळ्यांत मोठी होती. शेजारच्या माणसाने नानांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा! बायकोलासुद्धा आधी पत्ता लागू दिला नाहीत!"

नाना उभे राहिले. खाली माईकपाशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघून त्यांनी हात जोडले, आणि सभागृहाला वाटलं, नाना टाळ्यांचे आभार मानताहेत.