एकटं पडलेलं प्यादं

"एकटं पडलेलं प्यादं हेरायचं. घाईने मारायचं नाही. एकेक मोहरा त्याच्यावर रोखायचा आणि मगच तुटून पडायचं!" बाबा लेकीला बुद्धिबळ असं शिकवायचे. तिची खेळी चुकली की कानाखाली जाळ निघायचा, आणि आई मध्ये पडली की तिच्या पाठीवर कंबरेचा पट्टा.

आज मात्र पट्टा उगारलेला हात हवेतच थांबला. समोर आई उकळत्या पाण्याचं पातेलं धरून उभी होती, डावीकडे मामा लोखंडी सळई घेऊन, उजवीकडे लेक बॅट घेऊन.

"बाबा, मी अजिबात घाई केली नाही," लेक म्हणाली.

बाबांनी मोठ्या आशेने कोपऱ्यात बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं.



आजी उठली आणि तिने दाराला आतून कडी घातली.