आप्पा निघाले

"कशाला गं एवढं?" असं पुटपुटत आप्पा भाड्याच्या मोटरहोममध्ये चढले. आत पलंग होता, शेगडी होती आणि अरुंद दाराआड संडास होता. लेकीने, मीनलने, तो पाहूनच ही गाडी ठरवली होती.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर आप्पांना अर्ध्या अर्ध्या तासाला लघवीला लागे. वाटेत फजिती होईल म्हणून चार वर्षं ते कुठे गेलेच नव्हते, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही नाही.

कराड गेल्यावर ते उठले आणि त्या दाराआड गेले. मीनल गाडी चालवत राहिली. कुणाला थांबवावं लागलं नाही, कुणापुढे ओशाळावं लागलं नाही. बाहेर येऊन ते खिडकीशी बसले आणि ऊस बघत शीळ घालू लागले.

मालवणला चहा घेताना त्यांनी विचारलं, "पोरी, इथून गोकर्ण किती लांब गं?"