दगडच तर आहेत!
कॅनडातल्या सास्काचेवानच्या माळावरची कॅम्पसाइट सांभाळणारी वर्ना फेरीला निघाली आणि थबकली. चाकांवरचं अख्खं घर घेऊन आलेल्या पाहुण्यानं टेकाडावरचे दगड उपटून शेकोटीभोवती रचले होते. “इथं बघण्यासारखं काहीच नाही, म्हटलं निदान शेकोटी तरी झकास करावी,” म्हणत तो काडी ओढणार, तोच वर्नानं लाकडं लाथेनं उधळली. “अहो बाई, डोकं फिरलंय का? दगडच तर आहेत!” तो खेकसला. “माझ्या क्री आदिवासी पणजीचं घर उपटलंस तू! तंबूची कड वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं गोल मांडले होते ते. उचल, जिथले तिथं ठेव!” पुटपुटत, दगड पोटाशी धरून तो वर्नाच्या मागोमाग टेकाड चढला. गवतात खळग्यांचं कडं उघडं पडलं होतं. तो ते ओलांडू लागला, तशी वर्ना कडाडली, “भिंतीतून काय घुसतोस? दार पूर्वेला आहे. आणि वाकून ये!”