राणी की आमसुली

"जरा उजेडात दाखवा," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि दुकानदार चंद्रप्रकाश चोवीस इंची मॉनिटर पोटाशी धरून तसाच उभा राहिला.

"आई, अगं तो कपडा नाहीये," सुशांत दबक्या आवाजात म्हणाला.

"माका नको शिकवू."

शिकवणार तरी कोण? सुगंधाबाईंनी बोरिवलीच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये बावीस वर्षं काढली होती. ब्लाउजपीस आधी दुकानाच्या पायरीवर न्यायचा, उन्हात साडीला लावून बघायचा, मगच कात्री लावायची, हा तिथला धर्म. ट्यूबलाइटखाली त्यांनी देवावरही विश्वास ठेवला नसता.

सुशांतची मात्र खरोखर वाट लागायची वेळ आली होती. घाटकोपरच्या दीप्तीमॅडम ऑनलाइन साड्या विकायच्या आणि त्या साड्यांचे फोटो सुशांत काढायचा. याच कामाच्या भरवशावर त्याने नोकरी सोडली होती. पण त्याच्या जुन्या लॅपटॉपवर सगळेच रंग मेलेले दिसत. तो बिचारा त्यांत जीव ओतायचा, आणि आमसुली साडी गिऱ्हाइकाच्या फोनवर झगझगीत राणी गुलाबी होऊन जायची. गेल्या महिन्यात अकरा जणींनी राणी मागवली, अकरा जणींच्या घरी आमसुली पोचली, आणि अकराच्या अकरा साड्या परत आल्या. "आता रंगावरून एक जरी साडी परत आली ना, तर तुझं काम बंद," मॅडमनी सांगून टाकलं होतं. खरे रंग दाखवणारे नवे मॉनिटर चाळीस हजारांच्या घरात. सुशांतच्या खिशात नऊ. म्हणून हे जुन्या मालाचं दुकान, आणि म्हणूनच सोबत आई.

चंद्रप्रकाशने लांबलचक एक्स्टेन्शन काढलं. फुटपाथवर प्लॅस्टिकच्या स्टुलावर मॉनिटर विराजमान झाला. भर दुपारचं ऊन पडलं, आणि स्क्रीनमध्ये सुगंधाबाईंना स्वतःचं नाक, मागचा रिक्षावाला आणि त्याची रिक्षा एवढंच दिसलं. रिक्षावाल्याने तेवढ्यात केस सारखे करून घेतले.

"रिक्षा अगदी बरोबर दिसते," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही. आत घ्या."

आत गेल्यावर त्यांनी पदर खोचला. ट्यूब बंद करायला लावली, शटर अर्धं ओढायला लावलं. सुशांतने लॅपटॉप जोडून आमसुली साडीचा फोटो लावला, रंगांना हात न लावलेला. सुगंधाबाईंनी पिशवीतून तीच साडी काढून तिचा काठ स्क्रीनला टेकवला. पहिला मॉनिटर "निळा मारतोय" म्हणून बाद. दुसऱ्यातला लाल हावरट. तिसरा पवईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आलेला, कोपऱ्यात पोचा पडलेला. त्याच्यापाशी त्या थांबल्या.

"निळा कमी कर. अजून. तांबडा वाढव थोडा. एवढा नाही रे, लग्न आहे का कोणाचं? हां. आता बघ, साडी कुठे संपते नि काच कुठे सुरू होते, कळतंय का?"

सुशांतने एका दिवसापुरतं भाड्याने आणलेलं रंग तपासायचं यंत्र स्क्रीनवर लटकवलं. दहा मिनिटं ते एकेक रंग मोजत राहिलं. शेवटी त्याने निकाल दिला : फरक जवळपास शून्य.

"याला आत्ता कळलं होय?" साडीची घडी घालत सुगंधाबाई म्हणाल्या. चंद्रप्रकाशने हात जोडले आणि न मागता पाचशे रुपये कमी केले.

त्या मॉनिटरवर सुशांतने सगळे फोटो नव्याने केले. आमसुली आमसुली झाली, शेवाळी शेवाळी. पहिला आठवडा तो रोज धाकधुकीने फोन बघत होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याची छाती चांगली फुगली. रंगावरून एकही तक्रार नाही!

चौथ्या सोमवारी दीप्तीमॅडम स्वतःच कांदिवलीला घरी आल्या. सुगंधाबाईंनी कौतुकाने पोहे टाकले.

"काय मॅडम, आली एकतरी साडी परत?" सुशांतने कॉलर सारखी करत विचारलं.

"परत कशी येणार? एकसुद्धा गेली नाही."

सुगंधाबाईंच्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली. सुशांतचा हात कॉलरवरून खाली आला. नोकरी सोडून बसलेला, त्यात आता हेही गेलं म्हणायचं.

"मी परत जुन्यासारखे करतो ना फोटो," तो घाईघाईने म्हणाला.

"म्हणजे साड्या पुन्हा माझ्या घरी! वेडा आहेस का तू?" मॅडमनी पर्समधून एक पुडकं काढून टेबलावर उलटं केलं. बारा चिंध्या बाहेर पडल्या, बाराही गुलाबी, एकीसारखी दुसरी नाही. "तुझा तो राणी दिसणारा जुना फोटो मी सुरतच्या रंगाऱ्याला पाठवला. त्याने हे नमुने दिलेत. काकू, मला तर सगळे सारखेच दिसतात. तुम्ही बघता?"

सुगंधाबाईंनी बशी टेबलावर ठेवून हात पदराला पुसले. सुशांतने जुना फोटो मॉनिटरवर लावला. त्या एकेक चिंधी स्क्रीनला लावत गेल्या, नाक मुरडत गेल्या, आणि सातवीला थांबल्या.

"ही. डोळे मिटून रंगवायला सांगा."

"झकास!" दीप्तीमॅडमनी पोह्यांची बशी पुढे ओढली. "सुशांत, आजपासून तू आधी फोटो बनवायचा, तुझ्या मनाला येईल तसा. मॅचिंग साडी आम्ही मागून बनवू."