पांढरी तीट

"याले बी नजर लागस का व?" दगूबाईंनी सुनेला हसत विचारलं.

रविनाने प्रिंटरच्या टोनरचं, भरून बंद केलेलं कार्ट्रिज उलटं धरलं होतं. कडेवर लेक जान्या. त्याच्या गालावर सासूने नुकतीच काजळाची तीट लावली होती. रविनाने पांढऱ्या नेलपॉलिशची काडी त्या प्लास्टिकला टेकवली, तेवढ्यात पोराने तिचा हात ओढला. नेहमीसारखं ठिपक्याला बारीक शेपूट आलं.

"लागस ना, आत्या. मरेल व्हतं, मन्हा हातखाल जित्तं व्हयनं. अन् काळावर काळी तीट दिसस का?"

तळोद्याच्या बाजारातली ती एकच खोली. कचेऱ्यांनी फेकलेली रिकामी कार्ट्रिजं गोळा करायची, उघडायची, जुनी भुकटी काढून आतबाहेर पुसायची, नवी भरायची. खापर गावचा पवन जीप घेऊन यायचा आणि भरलेलं सगळं उचलून न्यायचा. पुढे ते कोण घेतं, हे रविनाने कधी विचारलं नाही. आजवर एकही परत आलं नव्हतं, त्याचाच तिला केवढा तोरा!

नाव तेवढं कुठे नव्हतं. नवऱ्याने, उमाकांतने, तिच्या नावाची पाटी हौसेने रंगवून आणली होती; पण ती दाराशी भिंतीकडे तोंड करून उभी. "पयली कचेरी तुन्हा नाववर भेटू दे," तो म्हणाला होता, "मंग टांगसूत."

ती पहिली कचेरी आज ठरायची होती. कॉलेजची. झोळीत पोर राहीना, म्हणून ती त्याला घेऊनच गेली.

कचेरीतल्या वत्सलाबाई कडक. नंदुरबारहून येणाऱ्या सीलबंद खोक्यांशिवाय त्या कशाला हात लावत नसत.

"भरलेला माल म्हणजे उतरलेलं लुगडं," त्या म्हणाल्या. "पण प्राचार्य म्हणतात, एकदा बघा. लाव."

रविनाने कार्ट्रिज बसवलं. प्रिंटर घरघरला. तिने श्वास रोखला, आणि का कोण जाणे, जान्यानेही.

वत्सलाबाईंनी कोमट कागद खिडकीशी धरला. सीलबंद मालावर सकाळी छापलेला कागद शेजारी लावला. एकदा हा, एकदा तो. तसूभर फरक नाही.

"दाणेदार शेतस व अक्षरं!" त्यांची कचेरीतली भाषा गळून पडली. "कोणाकडे शिकनी?"

"नवराकडे, बाई. आते तोच मन्हाकडे शिकस."

वत्सलाबाई खळखळून हसल्या. जान्याच्या गालाला त्यांनी बोट लावलं. "माय तर वाघीण शे रे तुन्ही! जा, वर्षभराचं काम तुझं."

रविनाला ती पाटी दारावर चढलेली दिसू लागली.

बोलता बोलता वत्सलाबाईंनी कार्ट्रिज बाहेर काढलं आणि सवयीने उलटं केलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय?"

"तीट शे, बाई."

"तीट? मला शिकवू नकोस! हातात एवढी कला असताना चोरी कशाला गं?"

"कशाची चोरी?" रविनाने विचारलं. दारावरची पाटी पुन्हा भिंतीकडे वळली.

वत्सलाबाईंनी कपाट उघडलं. एक सीलबंद खोकं तिच्यासमोर फोडलं आणि आतलं कार्ट्रिज टेबलावर उताणं ठेवलं.

"बघ. कंपनीची खूण आहे ही. वर्ष झालं, खोकं उघडलं की मी आधी हीच बघते. खूण नसली की माल नकली, आल्या पावली परत. कागद छापून बघायचीसुद्धा गरज नाही!"

रविना वाकली. जान्याने झेप घेऊन त्या कार्ट्रिजवर हात ठेवला. तिने त्याची इवली बोटं एकेक करून सोडवली.

पांढऱ्या ठिपक्याला बारीक शेपूट होतं.